पूल नसलेलं बेट

आत्या, फोटोतली तुझी टोपी काढून टाकली.

दिनेशदादाने माझ्याकडे तुझा एखादा चांगला फोटो मागितला, तेव्हा तू हसत असलेला तोच एक फोटो माझ्याकडे होता. बाकी सगळ्या फोटोंत तू ओळखपत्रासाठी बसल्यासारखी समोर बघतेस. या फोटोत तू आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभी आहेस आणि डोक्यावर डोंबिवली स्टेशनबाहेरून घेतलेली ती रुंद काठाची, निळी रिबीन लावलेली गवती टोपी आहे. दादाने फोटो बघितला आणि म्हणाला, "हे काय घातलंय आईने?"

मी म्हटलं, "माझी टोपी आहे. सहज घातलेली तिने."

स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर टोपी काढली, तिथे केस लावले आणि केसांवरून पदर घेतला. तो पदर तुझा नाही. हिरव्या काठाची साडी तुझ्याकडे कधी नव्हतीच. हसू तेवढं तुझंच राहिलं, त्यामुळे तू दुसऱ्या कुणाची तरी साडी नेसून आमची गंमत बघत असल्यासारखी दिसतेस.

तोच फोटो बॅनरवर आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी, पाण्याचे टँकर वळतात तिथे विजेच्या दोन खांबांना बांधलाय. वर लिहिलंय, 'रामेश्वरदर्शनाची ओढ मनात ठेवून देवाघरी गेलेल्या' आणि खाली तुझं नाव. कॉलेजला जाताना मी रोज त्याच्याखालून जाते आणि रोज मान खाली घालते. लोकांना वाटतं, मी रडतेय.

तुला रामेश्वरला जायचं नव्हतं. हे अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त मला माहीत होतं.

मला असं काही लिहिता येतं की नाही, ठाऊक नाही. वर्गात सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत असलं तरी मी ते मनातच देते, हे तुला माहीत आहे. पण तुझ्याशी बोलायची मला सवय आहे आणि ती एकदम कशी बंद करायची, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या खोलीत टीव्ही चालू असायचा म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर तुझ्याकडे अभ्यासाला यायचे. तू खोपटच्या एसटी डेपोतून ड्युटी संपवून आलेली असायचीस. खाकी कपडे खुंटीला लावून, कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून तू म्हणायचीस, "हं, वाच." पाणी वाया जायचं नाही. तुझे पाय झाले की वहिनी त्याच पाण्याने मोरी धुवायची. मी भूगोलाचं पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि तू ऐकायचीस. आपल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. बाबा विचारायचे, पास होशील ना. आई विचारायची, डबा खाल्लास ना. आज काय शिकलीस, हे फक्त तू विचारायचीस. ॲडमिशनच्या दिवशी खिडकीपाशी मी गप्प उभी राहिले तेव्हा मागून म्हणाली होतीस, "विचार की. विचारायला काय तिकीट लागतं का?" लाईनीतली सगळी मुलं हसली आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला.

यंदाच्या पावसाळ्यात मी बेटांचा धडा वाचत होते. तू मध्येच थांबवलंस.

"म्हणजे चारी बाजूंनी पाणी?"

"हो."

"मग पुढचा स्टॉप?"

"नसतो ना आत्या. बेट आहे ते."

तू पाय टबातून वर घेतलेस, पुसले नाहीस, तसेच धरून बसलीस. मग म्हणालीस, "परत वाच."

त्यानंतर धडा पुढे गेला, पण तू बेटावरच राहिलीस. डिसेंबरात रिटायर व्हायचं आणि जानेवारीत अंदमानातल्या एखाद्या लहान बेटावर जायचं, एवढं तुझं ठरलं. तिथे काय करायचं, तेही ठरलं होतं. सकाळी उठायचं, चहा कुणीतरी आणून द्यायचा, पाण्याकडे बघत बसायचं. "आणि कंटाळा आला तर?" मी विचारलेलं. "तर दुसऱ्या बाजूला तोंड करून बसायचं," तू म्हणालीस. "चारी बाजूंनी आहे ना पाणी?"

आतोबा गेल्यावर त्यांच्या जागी तुला डेपोत कंडक्टर म्हणून घेतलं, तेव्हा दादा शाळेत होता. तेव्हापासून तू बसमध्ये उभी. मला वाटतं, तुझ्या पायांनाच आधी बेट दिसलं असेल.

घरात मात्र ते गणपतीत निघालं. सगळे तुमच्या खोलीत जमलेले. दादाने मोदक फोडता फोडता सहज विचारलं, "आई, रिटायर झाल्यावर काय करणारेस?"

"एका बेटावर जाऊन बसणारे."

"कुणाबरोबर?"

"एकटीच."

सगळे हसले. बाबा म्हणाले, "ताई, जन्मभर फिरलीस की गं. अजून हौस फिटली नाही?"

"ते काय फिरणं होतं? ड्युटी होती ती."

"आणि बेटावर जाऊन करणार काय?"

"बसणार."

"मग बसायला आपलं दिवा गाव काय वाईट आहे?"

पुन्हा सगळे हसले, पण दादा हसला नाही. तो म्हणाला, "लोक काय बोलतील माहितीय? पोरगा बघत नाही, म्हणून म्हातारी निघून गेली." आणि ओट्यापाशी उभी असलेली वहिनी हळूच म्हणाली, "आईंना आमचा त्रास होतो का?" ती ओरडली असती तर तू ऐकून घेतलं नसतंस. ती हळू बोलली, म्हणून तू हललीस.

तू दोघांकडे आळीपाळीने बघितलंस आणि म्हणालीस, "अरे, मस्करी केली. रामेश्वरला जायचंय. डेपोतल्या बायकांचा ग्रुप निघतोय."

वहिनीने होती तिथूनच हात जोडले. बाबा म्हणाले, "मग तसं सांग ना." देवाचं नाव निघाल्यावर कुणी काही विचारलंच नाही. कधी, कशाने, राहणार कुठे, कुणालाच काही जाणून घ्यायचं नव्हतं. मी मोदकाचं ताट घेऊन तशीच उभी होते.

नंतर जिन्यात तुला गाठलं. "आत्या, खोटं का बोललीस?"

"खोटं कुठे? रामेश्वर पण बेटच आहे, तूच वाचलेलंस."

"मग खरंच तिकडेच जा ना. खोटंही ठरणार नाही."

तू खरोखर विचार केलास. कठड्याला धरून उभी राहिलीस. "पण तिथे पूल आहे ना?"

"आहे."

"म्हणजे बस जाते."

"जात असेल."

"बस जाते तिथे मी कामावर असते, बाय."

 

नवरात्र येईपर्यंत बातमी बिल्डिंगभर झाली आणि लोक यायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या राणेकाकूंनी देवीसाठी खण आणि बांगड्या दिल्या. समोरच्यांनी बाळाचं जावळ कागदाच्या पुडीत बांधून दिलं, तिथल्या समुद्रात सोडा म्हणून. तू प्रत्येकाचं घेत गेलीस. नाही कसं म्हणणार होतीस? मग तळमजल्यावरच्या म्हात्रे आजी आल्या. त्यांच्याच शेतावर आपली बिल्डिंग उभी आहे, पण त्या अजून जुन्या घराच्या पायरीवर बसल्यासारख्या बोलतात. त्यांनी पदराखालून एक तांब्याची छोटी लोटी काढली. तोंड झाळून बंद केलेली. आजोबांनी काशीहून आणलेली गंगा होती ती. काशीची गंगा रामेश्वराला घातली की यात्रा पुरी होते, म्हणून आजोबांनी आणली आणि रामेश्वर राहून गेलं. आजोबा गेले, लोटी देव्हाऱ्यात राहिली.

"त्यांची यात्रा तुझ्या हातून पुरी होईल गो," असं म्हणून आजी वाकल्या. तुझ्याहून कितीतरी मोठी बाई तुझ्या पायाला हात लावून गेली, यात्रेला निघणाऱ्या माणसाच्या लावतात तसा. तू "अहो आजी, अहो" करत मागे सरकत राहिलीस, भिंत लागेपर्यंत.

त्या संध्याकाळी तू वाच म्हणाली नाहीस. पायाशी टब नव्हता. पिशवी समोर ठेवून बसली होतीस.

"ह्या गंगेचं मी आता काय करू?"

"परत दे."

"परत कशी देऊ? पायाला हात लावून गेलीय ती."

"मग खरं सांग."

"सांगेन. जाऊन आल्यावर."

"आणि गंगा?"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. "तिथे पण समुद्रच आहे ना. समुद्र काय वेगवेगळे असतात? तू सांग, तू भूगोलवाली."

मी म्हटलं, "पुस्तकात सगळे समुद्र जोडलेले आहेत. पण आजींनी ती समुद्राला दिलेली नाही, रामेश्वराला दिलीय."

"कॉलेजात जातेस म्हणून मला शिकवू नकोस."

असं तू मला कधी बोलली नव्हतीस. दुसऱ्या दिवशी डब्यात सुक्या जवळ्याची चटणी वर पाठवलीस, म्हणजे भांडण मिटलं. पण लोटीचा प्रश्न तसाच राहिला. बरोबर कोण होतं, ते आपण कधी ठरवलंच नाही. मी तुझ्याशी वाद घातला तो शेवटचा असेल, हे माहीत असतं तर मी हरले असते.

आणि तरीही तुझं ठरलेलं बदललं नाही. मी मोबाईलवर त्या बेटावरचं एक घर शोधून दिलं. एक बंगाली बाई घरातल्याच दोन खोल्या भाड्याने देते. मला हिंदीत फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून तूच बोललीस. पलीकडून त्या नमितादी काय म्हणतात ते ऐकायला मी कान लावून बसले होते.

"वहां गाडी का आवाज आता है क्या?"

"नहीं दीदी, गाड़ी तो उधर बहुत दूर है."

"पानी के पास बैठने को कुर्सी मिलेगी?"

"मिलेगी ना. दो रख देंगे."

"दो नहीं. एकही रखना."

"एक?"

"हां. दुसरी रखी की कोई तो आके बैठता है."

फोन ठेवल्यावर मी खूप हसले. तू हसली नाहीस. एसटीत तुझ्या शेजारची ती एक सीट कधी रिकामी राहिली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तिथे बसलेल्या माणसांनी तुला काय काय सांगितलं होतं. कुणाची मुलगी माहेरी परत आलेली, कुणाच्या गाठीची तपासणी, कुणाच्या भावाने घरात घेतलं नाही. तू वळून तिकिटं द्यायचीस, परत येऊन त्यांचं पुढचं ऐकायचीस. घरी आल्यावर आमचं ऐकायचीस. नंतरही तू नमितादींना दोन-चारदा फोन केलास आणि प्रत्येक वेळी खुर्चीचं पुन्हा सांगितलंस.

मी येऊ का म्हणून विचारलं, ते याच दिवसांत. मला समुद्र बघायचा होता. खरं सांगायचं तर मला तुझ्याबरोबर बघायचा होता.

"नको," तू म्हणालीस.

"मी काही बोलणार नाही. पुस्तक घेऊन बसेन."

"तू गप्प बसलीस तर मी विचारेन काय झालं. मग विचारेन भूक लागली का. मग म्हणेन उन्हात का बसलीस. तू असलीस की मी आत्या होणार. मला तिथे कुणाचं कुणीच व्हायचं नाहीये गं."

मला लागलं. मी अभ्यासाला खाली यायची थांबले. तू बोलवायला आली नाहीस, ते तुझ्या स्वभावात नाही. एका रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तर तू ती टोपी घालून जिन्यातून वर आलीस. चष्म्यावर ऊन पडलं होतं. टाकीला टेकलीस आणि म्हणालीस, "काढ फोटो."

"तिथेच काढ की."

"तिथे काढायला कोण असणार आहे? आत्ताच काढून ठेव."

मी हसले म्हणून तू हसलीस. तोच तो फोटो. आपल्या गच्चीवरून दोन बिल्डिंगींच्या मधून खाडीची एक पट्टी दिसते, खारफुटीच्या मागे. फोटो काढून झाल्यावर तू तिकडे तोंड केलंस आणि बराच वेळ तशीच उभी राहिलीस. मी पायऱ्यांवरून हाक मारणार होते, चहा झालाय म्हणून. मारली नाही. का कुणास ठाऊक, पण त्या दिवशी मी गुपचूप खाली गेले, हे मला बरं वाटतं.

दसऱ्यानंतर तुला ताप आला. तू तापात ड्युटीला गेलीस, रजा रिटायरमेंटनंतर घ्यायचीय म्हणालीस. मग उठवेना. मग हॉस्पिटल, मग काचेच्या दारामागची खोली. ते मला लिहायचं नाही. फक्त शेवटच्या भेटीचं लिहिते, कारण सगळं तिथून सुरू झालं. आम्हाला दोघांना आत सोडलं होतं. तुझ्या तोंडावर मास्क होता. दादा खाली वाकला आणि म्हणाला, "आई, बरी हो. ग्रुप बिप काही नको. मीच नेतो तुला रामेश्वरला. दोघं जाऊ."

तू डोळे उघडलेस आणि दादाकडे न बघता माझ्याकडे बघितलंस. मी त्या नजरेचा अर्थ रोज लावते आणि रोज वेगळा लागतो. कधी वाटतं तुला हसू येत होतं. कधी वाटतं, सांग ना याला, असं म्हणत होतीस. मग तुझी मान हलली. मला ती आडवी हलल्यासारखी वाटली, पण उशीवरची मान कशीही हलल्यासारखी दिसते. दादाला तो होकार वाटला. बाहेर येऊन तो प्रत्येकाला सांगत होता, आई हो म्हणाली. तो रडत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्याच रात्री तू गेलीस. त्या समाधानाला मी कसा हात लावणार होते?

यंदा आपल्याकडे दिवाळी नव्हती. कंदील नाही, रांगोळी नाही. सुतकाच्या घरात फराळ करत नाहीत, म्हणून शेजारच्यांनी ताटं आणून दिली. राणेकाकूंची चकली, समोरच्यांच्या करंज्या. ज्यांनी ज्यांनी तुझ्या पिशवीत काही ठेवलं होतं, त्या सगळ्यांची ताटं. खण कुणी परत मागितला नाही, जावळ कुणी मागितलं नाही. म्हात्रे आजी फक्त उंबऱ्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "तिची पण रायली, त्यांची पण रायली." दादाने त्यांचा हात धरून सांगितलं, "आजी, मी जातो. आईच्या अस्थी पण नेतो आणि तुमची गंगा पण."

थोड्या अस्थी नाशिकला सोडल्या. उरलेल्या रामेश्वरसाठी ठेवल्या. त्या घरात ठेवायच्या नसतात, झाडाला टांगतात. आपल्या बिल्डिंगला झाड नाही. म्हणून पांढऱ्या कापडातलं ते गाठोडं दादाने गच्चीवर टाकीच्या पाइपला बांधलं. जिथे तू टोपी घालून उभी होतीस, बरोबर तिथे.

मग दादा मला म्हणाला, "आईचं बुकिंग तूच बघत होतीस ना? त्याच तारखा धर. ती जिथे उतरणार होती तिथेच मी उतरतो."

मी काहीतरी पुटपुटले, झालं नव्हतं म्हणून. तेवढ्यात तुझा फोन वाजला. तो आता दादाकडे असतो. त्याने उचलला, ऐकलं, आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "कौन? अंदमान? नहीं नहीं, राँग नंबर." फोन ठेवला आणि लगेच तो नंबर ब्लॉक केला. वहिनीला म्हणाला, "माणूस गेलं तरी सोडत नाहीत साले. फ्रॉडवाले."

मी तिथेच उभी होते, आत्या. तुझ्या बेटावरून आलेला फोन माझ्यासमोर बंद झाला. मी आता गप्प राहिले तर तुला काय हवं होतं, ते जगात कुणालाच माहीत राहणार नाही, हे तेव्हा कळलं. बॅनरवरची हिरव्या काठाची बाई तेवढी उरेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा गाठोड्याची गाठ बघायला वर गेला. मी मागोमाग गेले. काय बोलायचं ते जिन्यात जुळवलं होतं, वर पोचल्यावर सगळं गेलं. मी नुसता मोबाईल पुढे केला.

"हा बघितलाय मी. तुझी टोपी घातलीय आईने."

"माझी नाहीये, दादा. आत्याचीच आहे."

मग तुटक तुटक सांगितलं. धडा सांगितला, गणपतीतलं सांगितलं, नमितादींचं सांगितलं. तो गाठोड्याशेजारी विटांच्या ढिगावर बसून ऐकत होता. मीही शेजारी बसले.

"मला सांगितलं असतं तर मी नेलं असतं ना," तो म्हणाला.

"म्हणून तर नाही सांगितलं."

हे मी म्हटलं, जी वर्गात हात वर करत नाही. म्हटल्यावर मलाच भीती वाटली. 

"हॉस्पिटलमध्ये मी तिला..." एवढं बोलून तो थांबला. मग एकदम चिडला. "आता काय करू मी? बॅनर उतरवू? आजीला सांगू, आमची आई खोटं बोलली? आज तिकिटं काढलीत माझी. लोकांच्या वस्तू आहेत."

"गंगा न्यायलाच लागेल," मी म्हटलं.

"आणि आई?"

आम्ही दोघांनी गाठोड्याकडे बघितलं.

"तिकडे नेऊ का तिला? बेटावर?"

मला हो म्हणायचं होतं. पण मला तू टबात पाय सोडून बसलेली आठवलीस. "कुणी नेलेलं तिला नको होतं, दादा. कुणीही." आणि हे बोलताना मला कळलं की यावर आता उपायच नाही. माणूस गेलं की त्याला कुठेही एकटं जाता येत नाही. कुणीतरी उचलून न्यावं लागतं. तुला जानेवारीत जाता आलं असतं, तेवढीच वेळ होती.

तेव्हा तू रामेश्वरलाच जाणार आहेस, आत्या. दादा तुला मांडीवर घेऊन बसेल आणि त्या पुलावरून जाईल. तेवढा वेळ तू पुन्हा ड्युटीवर. मला ते थांबवता आलं नाही.

पण तू ऐकायला हवं होतंस, ते पुढचं आहे. दादाने खिशातून तुझा फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. "तो नंबर चालू कर. मला येत नाही." मी ब्लॉक काढला. त्याने स्वतः फोन लावला, स्पीकरवर.

"हां, वो कल आपका फोन आया था. मैं उनका लडका बोलतोय. मम्मी ऑफ हो गयी."

"ऑफ?"

"मतलब गुजर गयी. बुखार था."

 पलीकडे मागे कुठेतरी कोंबडा आरवला. मग नमितादी म्हणाल्या, "दीदी कुर्सी का बहुत बोलती थी. हर बार बोलती थी. हमने पेड़ के नीचे एक अलग रख दिया था, पानी के सामने. उसको अब उठा लें क्या?"

दादाने माझ्याकडे बघितलं. "खुर्चीचं काय म्हणतेय ही?"

मी सांगितलं. एकच हवी, दुसरी असली की कुणीतरी येऊन बसतं, असं आत्या म्हणायची.

त्याने फोनवर हात ठेवला. दोन बिल्डिंगींच्या मधल्या त्या पट्टीकडे त्याने बघितलं, तू बघायचीस तसं. मला वाटलं, तो आता रडेल. त्याने फोनवरचा हात काढला.

"नहीं, रहने दो थोडे दिन," तो म्हणाला. "पर एकही रखना. बाजू में दुसरी मत रखना."

फोन ठेवून तो तुझ्या शेजारून उठला. मला खुणेने उठवलं. आणि आम्ही दोघं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, तुझ्यापासून लांब जाऊन उभे राहिलो.